विमान रद्द झाले तर भरपाई कशावर ठरते? नियम, पळवाटा आणि ठाणे-नवी मुंबईकरांसाठी ग्राहक आयोग

घोडबंदरवासी (धागाकर्ता)

विमान रद्द झाल्याच्या संदेशात बहुधा 'ऑपरेशनल कारणामुळे' एवढेच लिहिलेले असते आणि खाली दोन पर्याय असतात: दुसरे विमान घ्या किंवा पैसे परत घ्या. माझ्या आत्येभावाला मुंबई-नागपूर संध्याकाळच्या विमानाबद्दल असा संदेश त्याच दिवशी दुपारी आला. पैसे परत आणि त्यावर भरपाई, हा तिसरा पर्याय संदेशात नव्हता. नियमात मात्र तो आहे. प्रकरण अजून पत्रव्यवहारात आहे आणि एका कंपनीला धारेवर धरणे हा धाग्याचा हेतूही नाही, म्हणून कंपनीचे नाव लिहीत नाही. या निमित्ताने नियम मुळातून वाचले, ते येथे मांडतो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजेच डीजीसीएच्या नियमावलीत विभाग ३, मालिका एम, भाग ४ मध्ये तीन प्रसंग येतात: बोर्डिंग नाकारणे, उड्डाण रद्द होणे आणि विलंब. हा भाग २०१० साली निघाला आणि भरपाईचे आजचे आकडे २०१६ च्या सुधारणेत आले. उड्डाण रद्द होणार असल्याचे किमान चोवीस तास आधी कळवले असेल, तर प्रवाशाला मान्य होईल असे पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा देऊन कंपनी मोकळी होते. त्याहून उशिरा कळवले असेल आणि प्रवाशाने परतावा घेतला, तर तिकिटाच्या पैशांशिवाय भरपाई द्यावी लागते. उड्डाणाचा ब्लॉक टाइम, म्हणजे एका विमानतळावर जागा सोडल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर लागेपर्यंतचा वेळ, एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५०० आणि दोन तासांहून अधिक असेल तर १०,००० रुपये. नागपूरचे विमान मधल्या गटात येते.

येथे एक मेख आहे. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. एकेरी मूळ भाडे अधिक इंधन अधिभार आणि वरचा आकडा यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. समजा, ५,६०० रुपयांच्या तिकिटात मूळ भाडे आणि इंधन अधिभार मिळून ३,९०० होत असतील, तर भरपाई ३,९०० रुपयेच. साडेसात हजार नव्हेत. वर्तमानपत्रांत मोठा आकडा छापून येतो आणि वाचणाऱ्याला तो हक्काचा वाटतो, तेव्हा मागणीपत्र लिहिण्यापूर्वी तिकिटावरील भाड्याची फोड पाहून घ्यावी.

विलंबाच्या बाबतीत रोख भरपाईची तरतूद या नियमावलीत नाही. तेथे सोयी आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास आणि बाकीच्यांना चार तास उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणेपिणे दिले पाहिजे. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर सहा तासांच्या आत पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी निवड प्रवाशाची असते.

राहिले बोर्डिंग नाकारणे. जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली असतील, तर कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणारे प्रवासी शोधायचे असतात. ते न मिळाल्यामुळे ज्याला मागे ठेवले, त्याला मूळ वेळेपासून एका तासात सुटणारे दुसरे विमान दिले तर काही देणे लागत नाही. चोवीस तासांच्या आत पाठवले तर एकेरी मूळ भाडे व इंधन अधिभाराच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्यानंतर पाठवले तर ४०० टक्के, कमाल २०,०००. पर्यायी विमान नकोच असेल तर पूर्ण परतावा आणि ४०० टक्के, कमाल मर्यादा तीच. माझ्या मते प्रवाशाच्या बाजूने सर्वांत स्पष्ट लिहिलेला भाग हाच आहे, कारण येथे कंपनीला हवामानाकडे बोट दाखवता येत नाही.

उड्डाण रद्द झाल्यावर मात्र ते दाखवता येते. पूर, दंगल, स्फोट, राजकीय अस्थिरता, संप, सरकारी आदेश, हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान आणि सुरक्षेचा धोका अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांसाठी भरपाईतून सूट आहे. त्यामुळे कंपनीने काय कारण दिले आणि कधी कळवले या दोन प्रश्नांवरच सगळे अवलंबून राहते, आणि 'ऑपरेशनल' या शब्दाने पहिल्याचे उत्तर मिळत नाही. जाणकारांनी याबद्दल लिहावे. ग्राहक आयोगाकडे जायचे झाल्यास कोणत्या आयोगाकडे जायचे, हेही कळले तर बरे होईल.

कळव्याची_वैदेही

धागा फार उपयुक्त आहे. एक शंका विचारते. रात्रीचे विमान पहाटेपर्यंत लांबले तर हॉटेल मिळते का? मागे आम्हाला काउंटरवर 'चोवीस तास झाल्याशिवाय हॉटेल नाही' असे ठामपणे सांगण्यात आले होते आणि लहान मुलांना घेऊन आम्ही खुर्च्यांवर रात्र काढली.

घोडबंदरवासी

वैदेहीताई, तुम्हाला अर्धाच नियम सांगितला गेला. चोवीस तासांहून अधिक विलंबाला हॉटेल आहेच. पण उड्डाणाची ठरलेली वेळ रात्री आठ ते पहाटे तीन यांमधील असेल, तर सहा तासांपेक्षा अधिक विलंबालाही मोफत हॉटेल आणि तेथवर नेण्या-आणण्याची सोय आहे. येथेही आवाक्याबाहेरील कारणाचा अपवाद लागू होतो. कंपनीने प्रवाशांना त्यांचे हक्क सांगावेत, असे नियमावलीतच आहे. काउंटरवर त्या कलमाचा कागद मागितला की बोलण्याचा सूर बदलतो, असे अनेकांनी सांगितले आहे.

वाशी_सेक्टर_सतरा

माझा प्रवासी तिकिटांचा व्यवसाय आहे, म्हणून एका बाबीकडे लक्ष वेधतो; बहुतेकांचा दावा तिच्यामुळेच बारगळतो. तिकीट काढताना एजंट पीएनआरमध्ये, म्हणजे कंपनीकडील आरक्षणाच्या नोंदीत, प्रवाशाचा मोबाइल क्रमांक न घालता पुष्कळदा स्वतःचाच घालतो. ग्राहक दुसऱ्याकडे जाऊ नये हे त्यामागचे कारण असते, ते कबूल करायला हरकत नाही. विमान रद्द झाल्याचा संदेश मग एजंटच्या फोनवर येतो, तो इतर शंभर संदेशांत बुडतो आणि प्रवासी मुलुंड टोलनाक्यावर पोहोचल्यावर त्याला कळते. प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई देण्याचे बंधन नाही, असे नियमात स्पष्ट आहे आणि कंपन्या ते कलम हमखास पुढे करतात. तिकीट हाती आल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन आपला क्रमांक आणि ईमेल स्वतः तपासावा व नसल्यास घालावा. एजंटला राग येईल, येऊ द्यावा.

परताव्याचे नियम त्याच मालिकेच्या भाग २ मध्ये आहेत. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर सात दिवसांत कार्डावर परत. एजंटमार्फत किंवा पोर्टलवरून काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही विमान कंपनीचीच. 'आम्ही पोर्टलला पैसे दिले, तुम्ही त्यांच्याशी बोला' हे उत्तर नियमात बसत नाही. पैसे कंपनीच्या खात्यात 'क्रेडिट शेल' म्हणून ठेवणे ही प्रवाशाची मर्जी आहे. कंपनीने परस्पर तसे करू नये, हेही तेथे लिहिलेले आहे. तसेच, तुम्ही स्वतः तिकीट रद्द केले तरी वैधानिक कर आणि विमानतळाची वापरकर्ता शुल्के परत मिळतात, अगदी 'नॉन-रिफंडेबल' भाड्यावरसुद्धा. हे मागणारे ग्राहक मात्र विरळाच.

निवृत्त_ग्राउंडस्टाफ_ऐरोली

मी विमानतळावर जमिनीवरच्या कामात नोकरी केली आहे, त्यामुळे 'ऑपरेशनल' या शब्दाविषयी थोडे आतले सांगतो.

प्रत्येक विलंबाला कंपनीच्या नोंदीत एक सांकेतिक क्रमांक द्यावाच लागतो. हे क्रमांक आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेले आहेत: ४१ म्हणजे विमानातील बिघाड, ७१ म्हणजे निघण्याच्या ठिकाणचे हवामान, ९३ म्हणजे आधीच्या फेरीवरून विमान उशिरा आले. उड्डाण आणि वैमानिक-कर्मचारी विभागाची कारणे साठच्या घरात येतात. प्रवाशाला पाठवलेल्या संदेशात 'ऑपरेशनल' असले तरी कंपनीच्या दप्तरी नेमके कारण नोंदलेले असते. म्हणून तक्रारीत 'कारण सांगा' असे मोघम न लिहिता 'या उड्डाणासाठी नोंदवलेला डिले कोड कळवा' असे लिहावे. उत्तर मिळेलच असे नाही; पण लेखी मागणी करूनही दिले नाही, ही गोष्ट पुढे कामाला येते.

सर्वांत मोठा वाद ९३ क्रमांकावरून होतो. एक विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करते. जानेवारीत सकाळी दिल्लीला धुक्यात अडकलेले विमान दुपारी पुण्याला, संध्याकाळी मुंबईला उशिराच येणार, आणि मुंबईच्या स्वच्छ आकाशाखाली बसलेल्या प्रवाशाला धुक्याचे कारण ऐकून संताप येणार. काही वेळा ते कारण खरे असते. कित्येकदा मात्र विमान सकाळी तासभर धुक्यात थांबलेले असते आणि उरलेला उशीर कर्मचारी वेळेत न मिळाल्याचा किंवा दुरुस्तीचा असतो, तरी सगळा दोष धुक्यावर ढकलला जातो. उड्डाणांचा मागोवा घेणाऱ्या ॲपवर आपल्या विमानाचा 'व्हीटी' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून, ते सकाळपासून कोठे आणि किती वाजता उतरले, याचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावेत. विनामूल्य आवृत्तीत जुनी माहिती थोड्याच दिवसांत दिसेनाशी होते.

कंपनीला आधीपासून माहीत असलेले कारण मात्र आवाक्याबाहेरचे म्हणता येऊ नये, असे माझे मत आहे. मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी एकेक दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद राहतात, आणि त्याची सूचना वैमानिकांना व कंपन्यांना कित्येक महिने आधी गेलेली असते. त्या दिवसाचे तिकीट विकून आयत्या वेळी 'धावपट्टी बंद' म्हणणे हा नियोजनाचा दोष आहे.

डिसेंबर २०२५ मधील इंडिगोच्या गोंधळाकडेही मी असेच पाहतो. वैमानिकांच्या साप्ताहिक विश्रांतीची मर्यादा ३६ वरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगांची संख्या सहावरून दोनवर आणणारे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. ते टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून होता. त्यासाठी पुरेशी तयारी नसल्यामुळे इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, सरकारला भाड्यावर तात्पुरती मर्यादा घालावी लागली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपयांपासून १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपयांपर्यंत, आणि राहिलेले परतावे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत देण्याचा आदेश काढावा लागला. जवळजवळ दोन वर्षे आधी माहीत असलेल्या नियमाला 'सरकारी आदेश' म्हणून अपवादात बसवणे मला पटत नाही. वैमानिकांच्या विश्रांतीला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. थकलेल्या माणसाने विमान चालवू नये.

उपवन_तळे

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत नाही. धुक्यात विमान उडवा असे कोणी म्हणत नाही, हे मान्य. पण प्रत्येक साखळी-विलंबाचा हिशेब प्रवाशाने नोंदणी क्रमांक शोधून मांडायचा, ही अपेक्षा सामान्य माणसाला झेपणारी नाही. माझ्या सासूबाईंना बोर्डिंग पास फोनवर उघडता येत नाही. कारण सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असला पाहिजे.

बेलापूर_वकिली

उपवन यांचा मुद्दा रास्त आहे आणि कायदा बराचसा त्यांच्याच बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे आणि ग्राहकाशी संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे तिच्यात मोडते. रद्द होण्याचे कारण लेखी मागूनही न देणे यात बसू शकते. शिवाय अपवादाचा आधार जो घेतो, त्यानेच तो सिद्ध करावा, हे साधे तत्त्व आहे. डिले कोड, विमानाची त्या दिवसाची नोंद, कर्मचाऱ्यांची पाळी हे सगळे कंपनीच्याच ताब्यात असते. प्रवाशाने जमवलेले स्क्रीनशॉट कंपनीचे म्हणणे खोडायला उपयोगी पडतात, पण त्यांच्यावाचून तक्रार अडत नाही.

धुक्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे, इंटरग्लोब एव्हिएशन (म्हणजे इंडिगो) विरुद्ध एन. सच्चिदानंद. दिल्लीच्या धुक्यात विमान तासन्‌तास अडकल्याचे ते प्रकरण होते. हवामानामुळे झालेला विलंब ही सेवेतील त्रुटी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले; त्याच वेळी विमानात अडकलेल्या प्रवाशांना पाणी, किमान खाणे आणि आवश्यक सोयी देणे हे कंपनीचे कर्तव्य मानले. म्हणजे कारण खरे असले तरी सोयींतून सुटका नाही. ही दुसरी बाजू कंपन्यांच्या उत्तरांत सहसा आढळत नाही.

आता कोणत्या आयोगाकडे जायचे. या कायद्याच्या कलम ३४(२) नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे स्वतः उपजीविकेसाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय गुरुग्रामला असो वा कोठेही, ठाणेकराला तेथे जाण्याची गरज नाही. ठाण्याचा जिल्हा आयोग ठाण्यात आणि अतिरिक्त ठाणे जिल्हा आयोग बेलापूरच्या कोकण भवनात आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली हे सर्व ठाणे जिल्ह्यात येतात. पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल आणि उलवे येथील रहिवासी स्वतःला नवी मुंबईकर म्हणवत असले तरी जिल्ह्याने रायगडचे आहेत, आणि रायगडचा आयोग अलिबागला आहे. हा फरक लक्षात न आल्यामुळे तक्रारी परत येतात.

दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तत्पूर्वी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, ईमेल करावा, मग विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी एअरसेवा पोर्टलवर तक्रार करावी किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. यांपैकी कोणीही भरपाईचा निवाडा देत नाही, पण किरकोळ परतावे तेथेच सुटतात.

डीजीसीएच्या नियमांतील रक्कम ही आयोगापुढची कमाल मर्यादा नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसते. आयत्या वेळी काढलेल्या महाग तिकिटातील फरक, विमानतळावरून घोडबंदरला परतण्याचे टॅक्सीभाडे, बुडालेले हॉटेल आणि मानसिक त्रास यांची मागणी स्वतंत्रपणे करता येते. फक्त प्रत्येक रुपयाची पावती असावी. मानसिक त्रासासाठी पाच लाख मागणाऱ्या तक्रारीकडे आयोग जरा साशंक नजरेनेच पाहतो.

नेरूळची_सुनंदा

परदेशी प्रवासाबद्दल लिहिते, कारण मुलगा जर्मनीत असल्यामुळे हा भाग आमच्या घरी पाठ झाला आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो; भारत त्यात २००९ पासून आहे. सामान हरवणे किंवा उशिरा येणे यासाठी दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आणि प्रवासाच्या विलंबामुळे झालेल्या नुकसानासाठी ६,३०३ एसडीआर या २८ डिसेंबर २०२४ पासूनच्या कमाल मर्यादा आहेत. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे, त्याचा दर रोज बदलतो.

माझ्या वहिनींची बॅग फुटून आली तेव्हा त्यांनी पट्ट्याजवळच्याच काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म भरून घेतला, तेथेच बॅगेच्या टॅगसह छायाचित्र काढले आणि मग बाहेर आल्या. एकदा 'कस्टम्स'च्या बाहेर पडले की बॅग घरी फुटली की विमानात, हा वाद कोणीही घालू शकतो. खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा आलेल्याची ते मिळाल्यापासून एकवीस दिवसांत केली पाहिजे. फॉर्म भरला म्हणजे तक्रार झाली असे न मानता ईमेलही करावा.

युरोपचा नियम वेगळा आणि प्रवाशासाठी बराच उदार आहे. २६१/२००४ हा युरोपीय संघाचा नियम युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या उड्डाणाला लागू होतो. मुंबईहून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय असावी लागते. साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचल्यास ६०० युरोपर्यंत रोख भरपाई आहे, आणि विमानातील नेहमीचा तांत्रिक बिघाड हा तेथे अपवाद मानला जात नाही. आपल्याकडे विलंबाला सँडविच आणि तेथे रोख रक्कम, ही तफावत मला खटकते.

उलवे_नोड

नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्यामुळे आमच्याकडे नवा प्रश्न उभा राहिला आहे. एक विमान येथे उतरणारे आणि पुढचे सांताक्रूझच्या बाजूने सुटणारे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे स्वस्त पडतात. पहिले उशिरा आले आणि दुसरे चुकले तर?

बेलापूर_वकिली

दोन तिकिटे स्वतंत्र असतील तर दुसरी कंपनी काहीही देणे लागत नाही, आणि चुकलेल्या जोड-विमानाच्या भरपाईचे डीजीसीएचे कलम एकाच तिकिटावर असलेल्या प्रवासापुरते आहे. वाचलेले पैसे आणि अटल सेतू ओलांडून दुसऱ्या विमानतळावर पोहोचण्याचा धोका, यांचा हिशेब प्रवाशानेच करायचा. रद्द झालेल्या विमानाऐवजी कंपनी दुसऱ्या विमानतळावरून पर्याय देत असेल तर तो प्रवाशाला मान्य असला पाहिजे. नसेल तर पूर्ण परतावा मागता येतो.

घोडबंदरवासी

कंपनीचे उत्तर आले. परतावा दिला आहे. भरपाईऐवजी पुढच्या प्रवासासाठी कूपन देऊ केले आहे आणि कारणाच्या जागी पुन्हा 'ऑपरेशनल'. आत्येभावाने कूपन नाकारून डिले कोड मागणारा ईमेल नोडल अधिकाऱ्याला पाठवला असून पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. त्यानंतर आयोगाकडे जायचे ठरले आहे. पण तो राहतो खारघरला आणि नोकरी करतो ऐरोलीच्या एका कंपनीत. मग त्याला अलिबाग गाठावे लागेल का?

बेलापूर_वकिली

नाही. कलम ३४(२)(घ) मध्ये 'राहतो किंवा स्वतः उपजीविकेसाठी काम करतो' असे आहे, आणि ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहे. नोकरीच्या ठिकाणाच्या आधारे त्याला कोकण भवनात तक्रार करता येईल. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात नोकरीचा पत्ता आणि त्यावरून आयोगाला अधिकार कसा पोहोचतो हे लिहावे, आणि कंपनीचे ओळखपत्र किंवा वेतनपत्रक सोबत जोडावे. आधार कार्डावरचा खारघरचा पत्ता पाहून दाखल करतानाच आक्षेप निघाला तर याच परिच्छेदाकडे बोट दाखवावे.